स्लॅबला पाणी कशासाठी?

सुरतेच्या डिंडोली, लिंबायत, उधना या भागांत जुन्या घरावर नवा मजला चढवण्याचं काम कुठल्या ना कुठल्या गल्लीत चालूच असतं. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून पोटापाण्यासाठी आलेली आणि आता दोन-तीन पिढ्या इथेच रुजलेली मराठी कुटुंबं या वस्त्यांत मोठ्या संख्येने राहतात. मुलगा लग्नाला आला की घर वर वाढवायचं ठरतं. स्लॅबच्या दिवशी मिक्सर घरघरतो, लिफ्टने माल वर जातो, संध्याकाळपर्यंत गच्ची भरून होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी पुन्हा येतो, स्लॅबवर मालाची बोटभर उंचीची आळी घालतो आणि त्यांत पाणी साठवतो. पुढे घरातल्या कुणाच्या तरी गळ्यात सकाळ-संध्याकाळ नळी धरायचं काम पडतं.

कोडं इथेच आहे. चिखल वाळला की कडक होतो, रंग वाळला की पक्का होतो. स्लॅबचा मालही ओलाच होता. मग तो कडक व्हायला हवा असेल तर त्याला ऊन-वारा लागू द्यायचा की वरून आणखी पाणी ओतायचं? आणि पाण्याने तो मऊ कसा पडत नाही? तापीवरच्या पुलांचे पाये तर नदीच्या पात्रात, कायम ओल्या जागी भरलेले आहेत. तिथे वाळायला वावच नाही, तरी ते दगडासारखे उभे आहेत.

सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी खाऊन घट्ट होतं. आपण मालात घातलेल्या पाण्यातलं बरंचसं पाणी सिमेंटशी कायमचं जोडलं जातं आणि त्यातून एक नवाच पदार्थ तयार होतो. गोणीतली राखाडी भुकटी आणि कडक झालेला स्लॅब या रासायनिकदृष्ट्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. हा बदल कसा होतो ते एकदा नीट समजलं, की पाणी किती घालावं, किती दिवस मारावं आणि कुठे हात आखडू नये हे वेगळं सांगावं लागत नाही.

चुन्याला हवा लागते, सिमेंटला पाणी

चौक बाजाराजवळ तापीच्या काठी सुरतेचा जुना किल्ला आहे, १५४६च्या सुमारास बांधून झालेला. १६६४ साली शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले तेव्हा मुघल अधिकारी इनायतखान ज्या किल्ल्यात दडून बसला तो हाच. त्या काळी सिमेंट नव्हतं. बांधकामाचा माल म्हणजे चुना.

चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सियसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विझवायचा, वाळूबरोबर घाणीत मळायचा आणि लावायचा. भिंतीत बसल्यावर हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. हवा बाहेरून आत जाते, म्हणून चुनाही बाहेरून आत घट्ट होत जातो आणि जाड भिंतीत त्याला वर्षानुवर्षं लागतात. पाण्याखाली हवा पोहोचत नाही, त्यामुळे साधा चुना तिथे घट्ट होत नाही.

आपल्याकडच्या जुन्या गवंड्यांनी यावर तोड काढली होती. विहिरी, हौद, पाणवठे बांधताना ते चुन्यात सुरकी, म्हणजे भाजलेल्या विटांचा चुरा, मिसळत. भाजलेल्या मातीतली सिलिका चुन्याशी पाण्याच्या सान्निध्यात जोडली जाते आणि तो माल ओलाव्यातही पकडतो. सुरकीची ही गोष्ट लक्षात ठेवावी. आज सुरतेत विकल्या जाणाऱ्या बऱ्याच सिमेंटच्या गोण्यांत तीच युक्ती दुसऱ्या रूपात असते.

चुना आणि माती वेगवेगळी भाजून नंतर मिसळण्याऐवजी दोन्ही एकत्रच भाजली तर? इंग्लंडमधल्या लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने १८२४ साली ज्याचं पेटंट घेतलं ते पोर्टलँड सिमेंट याच वाटेने आलं. ॲस्पडिनची भट्टी आजच्याइतकी तापत नव्हती. आजच्या दर्जाचं सिमेंट पुढच्या काही दशकांत घडलं. भारतात ते प्रथम यशस्वीपणे बनलं पोरबंदरला, १९१४ साली. सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत चुनखडी भरपूर आहे. कोडिनारजवळच्या मूळ द्वारका बंदरातून सुटं सिमेंट जहाजात भरून सुरत आणि मुंबईकडे आणायची पद्धत १९९०च्या दशकात सुरू झाली आणि सुरतेचं मगदल्ला बंदर हे सिमेंटचंही ठिकाण झालं.

गोणीत काय असतं?

चुनखडी आणि माती बारीक दळून फिरत्या भट्टीत सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवतात. त्यातून काळसर, सुपारीएवढे खडे बाहेर पडतात. त्यांना क्लिंकर म्हणतात. हे खडे थोड्या जिप्समबरोबर दळले की सिमेंट तयार.

क्लिंकरमध्ये मुख्यतः चार खनिजं असतात. सर्वांत जास्त, साधारण निम्म्याहून अधिक, असतं अलाइट. हे चुना आणि सिलिका यांचं संयुग असून पहिल्या महिन्यातली ताकद मुख्यतः त्याचीच. त्याचंच सावकाश वागणारं भावंड बेलाइट. त्यात चुन्याचं प्रमाण कमी असतं आणि ते आठवड्यांनी, महिन्यांनी हातभार लावतं. तिसरं ॲल्युमिनेट: प्रमाण थोडं, स्वभाव भडक. पाणी लागताच ते मिनिटांत पेटून उठतं. चौथ्यात लोह असतं आणि सिमेंटचा करडा रंग बराचसा त्याच्यामुळे येतो.

जिप्सम या तिसऱ्यासाठी घालतात. ते नसतं तर ॲल्युमिनेट पाण्याशी इतक्या झपाट्याने जोडलं गेलं असतं की घमेल्यातला माल थापीवर घेईपर्यंत घट्ट झाला असता. जिप्सममधलं सल्फेट ॲल्युमिनेटबरोबर सुईसारखे बारीक स्फटिक बनवतं. त्यांचं नाव एट्रिंगाइट. ते बनू लागले की ॲल्युमिनेटचा जोर आवरतो. मिस्त्रीला माल कालवून, वर नेऊन, पसरून, ठोकून बसवायला जे दोन-तीन तास मिळतात ते या तीन-पाच टक्के जिप्समच्या कृपेने.

पहिले बारा तास

दुधाला विरजण लावलं की बराच वेळ काही घडल्यासारखं वाटत नाही. दूध दूधच दिसतं. मग एका टप्प्यानंतर भांडं भरभर आळतं. थंडीत त्याला जास्त वेळ लागतो, उन्हाळ्यात कमी. अर्धवट लागलेलं दही ढवळलं तर ते पुन्हा तसं घट्ट लागत नाही. आणि मुख्य म्हणजे दही होताना दुधातलं पाणी उडून गेलेलं नसतं. ते आतच नव्या रचनेत अडकलेलं असतं. सिमेंटचे पहिले बारा तास असेच जातात. फरक एवढाच की दह्यामागे जिवाणू असतात, इथे निव्वळ रसायन आहे; आणि दही रात्रीत लागतं, तर सिमेंटचं काम महिनोन्‌महिने चालू राहतं.

पाणी पडताच सिमेंटच्या कणांचा पृष्ठभाग विरघळू लागतो. कॅल्शियम आणि सिलिकेटचे आयन पाण्यात उतरतात, पहिल्या काही मिनिटांत बरीच उष्णता बाहेर पडते आणि मग अचानक शांतता. पाणी विरघळलेल्या पदार्थांनी इतकं भरत जातं की पुढचं विरघळणं मंदावतं. हा शांत काळ दोन ते चार तासांचा. त्या अवधीत कणांच्या अंगावर नव्या पदार्थाची सूक्ष्म बीजं धरत असतात. पुरेशी बीजं धरली की ती वाढू लागतात, वाढताना पाण्यातलं कॅल्शियम-सिलिकेट ओढून घेतात, त्यामुळे कण पुन्हा वेगाने विरघळतात आणि क्रियेला जोर चढतो. माल कालवल्यापासून साधारण आठ-दहा तासांनी हा जोर शिगेला पोचतो. संध्याकाळी भरलेल्या स्लॅबवर पहाटे हात ठेवला तर तो कोमट लागतो, तो यामुळे.

या बीजांचं महत्त्व साखरेवरून कळतं. पन्नास किलोच्या गोणीला पन्नास ग्रॅम साखर, म्हणजे हजारात एक भाग, एवढ्याने सिमेंटचं आळणं कित्येक तास लांबतं. साखरेचे रेणू नव्याने धरलेल्या बीजांना चिकटतात आणि त्यांची वाढ रोखतात. तयार काँक्रीटमध्ये वेळ लांबवण्यासाठी जी रसायनं मोजून घालतात त्यांतली काही याच तत्त्वावर चालतात. उसाच्या या पट्ट्यात साखरेची रिकामी पोती बांधकामावर येतात; मालाजवळ नेण्याआधी ती धुऊन घ्यावीत हे बरं.

अर्धवट आळलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो फावड्याने सैल करायची सवय मात्र वाईट. जोडलेले धागे त्यात तुटतात आणि जादा पाण्याची भर पडते ती वेगळीच. जेवणाच्या सुट्टीपूर्वी कालवलेला माल सुट्टीनंतर वापरायचा नसतो.

ताकद येते कुठून?

अलाइट आणि बेलाइट यांचं पाण्याशी मिलन झालं की दोन पदार्थ बनतात. एक कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट. अभियंते त्याला नुसतं सी-एस-एच म्हणतात. ते ठरावीक आकाराचे स्फटिक धरत नाही, विस्कळीत थरांचा एक घट्ट लगदा असतो. दुसरा पोर्टलँडाइट, म्हणजे विझलेलाच चुना, षटकोनी चपट्या स्फटिकांच्या रूपात.

घर पेलतं ते सी-एस-एच. दळलेल्या सिमेंटच्या एका ग्रॅमचं पृष्ठफळ साधारण ०.३ चौरस मीटर भरतं. त्यापासून बनलेल्या या लगद्याच्या एका ग्रॅमचं २०० चौरस मीटरच्या घरात जातं. एवढे अफाट पृष्ठभाग नॅनोमीटरांच्या अंतरावर एकमेकांसमोर आले की त्यांच्यातलं आकर्षण जबरदस्त होतं. वाळूचे कण, खडी, सळई या सगळ्यांना हाच लगदा धरून ठेवतो.

हे कसं घडतं यावर दोन मोठ्या शास्त्रज्ञांचं जमलं नाही. फ्रान्सच्या हेन्री ल शातेलिए यांनी १८८७ साली मांडलं की सिमेंट विरघळतं आणि त्या द्रावणातून स्फटिक उगवून एकमेकांत गुंततात. जर्मनीच्या मिखाएलिस यांनी १८९३ साली उलट सांगितलं की ताकद लगद्याची, स्फटिकांची नव्हे. आज पाहिलं तर दोघांच्याही पदरात सत्याचा भाग आहे: विरघळणं आणि पुन्हा साकळणं खरं, पण साकळतं ते मुख्यतः लगद्याच्या रूपात.

आणखी एक गोष्ट घडते. एक घनसेंटिमीटर सिमेंट पूर्ण मुरलं की त्याचे दोन घनसेंटिमीटरहून थोडे जास्त नवे पदार्थ होतात. आधी जिथे नुसतं पाणी होतं ती जागा ते भरून काढतात. पाण्याने व्यापलेली जागा फार मोठी असेल तर ती पुरती भरत नाही आणि उरलेल्या जागेची पोकळी होते. ताकदीचं गणित इथूनच सुरू होतं.

एका गोणीला किती पाणी?

अमेरिकेत ट्रेव्हल पॉवर्स यांनी १९४०च्या दशकात यावर अनेक वर्षं खपून मोजमापं केली. पूर्ण मुरलेल्या एक किलो सिमेंटमध्ये सुमारे ०.२३ किलो पाणी रासायनिक बंधाने अडकतं. शिवाय लगद्याच्या सूक्ष्म छिद्रांत साधारण ०.१९ किलो पाणी धरून ठेवलेलं असतं, तेही पुढच्या क्रियेला मोकळं मिळत नाही. पन्नास किलोच्या गोणीला लावून पाहू: साडेअकरा लिटर बांधलेलं, साडेनऊ लिटर धरलेलं, एकूण एकवीस लिटर. गोणीची तहान एवढीच.

एकवीस लिटरमध्ये कालवलेला माल मात्र घट्ट असतो, सळयांच्या जाळीत सहज उतरत नाही. म्हणून हाताने भरायच्या कामात पंचवीस लिटरपर्यंत जावं लागतं. गडबड होते ती त्यापुढे. माल पळता राहावा म्हणून कामगार मिक्सरमध्ये अर्धी बादली, मग आणखी अर्धी बादली टाकतो आणि आकडा तीस-पस्तिसावर जातो. वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणी मोजलेलंच नसतं. गोणीच्या तहानेपेक्षा जास्तीचं हे नऊ-चौदा लिटर पाणी सिमेंट कधीच खात नाही. ते पुढे हळूहळू उडून जातं आणि आपल्या आकाराच्या बारीक वाटा काँक्रीटमध्ये मागे ठेवतं. डफ एब्रॅम्स यांनी १९१८ साली दाखवलेला नियम हाच सांगतो: सिमेंटच्या मानाने पाणी जितकं जास्त, तितकी ताकद कमी. एक गोणी वाढवून जे साधत नाही ते बादलीभर पाणी कमी करून साधतं. पाणी न वाढवता माल पळता करणारी रसायनं आता सहज मिळतात. छोट्या कामावर ती वापरायला संकोच का करतात हे मला कळत नाही.

पाणी कुठलं, हेही पाहावं लागतं. डुमस, हजिरा या खाडी-समुद्राच्या बाजूला कूपनलिकेचं पाणी खारं लागू शकतं. सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असं भारतीय मानक आयएस ४५६ सांगतं. खारं पाणी सिमेंटला घट्ट व्हायला अडवत नाही, उलट जरा घाईच करतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. क्लोराइडमुळे सळईला धरलेला गंज पुढे वर्षांनी दिसतो.

आत काय चाललंय ते कसं कळतं?

काँक्रीट अपारदर्शक आहे, मग हे सगळं ओळखलं कसं? सर्वांत जुनं साधन आजही प्रत्येक सिव्हिल कॉलेजच्या प्रयोगशाळेत सापडतं, सुरतेच्या एसव्हीएनआयटीपासून गावच्या पॉलिटेक्निकपर्यंत: व्हिकॅटची सुई. लुई व्हिकॅट हे एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच अभियंते. चाळीस मिलिमीटर खोल साच्यात सिमेंटचा लगदा भरायचा, खाली काच. वरून एक चौरस मिलिमीटर छेदाची, दांड्यासह तीनशे ग्रॅम वजनाची सुई हळूच टेकवून सोडायची. सुरुवातीला ती सरळ काचेपर्यंत जाते. दर थोड्या वेळाने जागा बदलून पुन्हा सोडायची. तासाभराने थोडा विरोध जाणवू लागतो. तळापासून सुमारे पाच मिलिमीटर आधी सुई अडली की प्रारंभिक आळणं झालं. साध्या सिमेंटला हे तीस मिनिटांच्या आत होता कामा नये आणि अंतिम आळणं दहा तासांपलीकडे जाता कामा नये, अशी मानकाची अट आहे.

सुई फक्त आळणं सांगते. आतला वेग बघायला कॅलरीमीटर लागतो. काही ग्रॅम लगदा बंद भांड्यात ठेवून, तापमान स्थिर राखून, बाहेर पडणारी उष्णता सेकंदागणिक नोंदवतात. कागदावर आधी एक टोकदार शिखर, मग सपाट दरी, मग मोठा उंचवटा उमटतो. वर सांगितलेले शांत तास आणि नंतरचा जोर याच आलेखातून वाचलेले आहेत. सिमेंट जुनं झालंय का, रसायन जास्त पडलंय का, त्यात मिसळलेली वीजकेंद्राची राख नीट वागते आहे का, हे जाणकार त्या उंचवट्याच्या जागेवरून ओळखतात.

उष्णतेची रक्कमही थोडी नाही. पहिल्या आठवड्यात किलोला सुमारे ३०० किलोज्यूल धरली तर एका गोणीतून निघणारी उष्णता जवळजवळ पन्नास लिटर पाणी उकळीपर्यंत न्यायला पुरेल. पातळ स्लॅबमधून ती निघून जाते. पुलाच्या किंवा मेट्रोच्या खांबाखालच्या जाडजूड पायात ती कोंडते. गाभा तापलेला, कातडी थंड, आणि त्या ताणाने तडे जातात. म्हणून अशा कामात बर्फ घातलेलं पाणी, सावकाश तापणारं सिमेंट असे उपाय योजतात.

एक्स-किरणांनी स्फटिक ओळखता येतात: अलाइट किती उरलं, पोर्टलँडाइट किती झालं. पण सी-एस-एच विस्कळीत असल्याने त्यात नीटसं उमटत नाही. तिथे दुसरी तऱ्हा कामी येते. मुरलेल्या सिमेंटचा चुरा तराजूवर ठेवून सावकाश तापवत जायचं. साधारण ४०० ते ५०० अंशांदरम्यान पोर्टलँडाइट फुटतो आणि त्यातलं पाणी निघून जातं. ७४ ग्रॅम पोर्टलँडाइटमागे १८ ग्रॅम पाणी, हे पक्कं. म्हणजे त्या टप्प्यावर वजन किती घटलं यावरून आत चुना किती होता ते कळतं.

राख आणि स्लॅग उशिरा कामाला लागतात

याच तराजूने एक सुंदर गोष्ट उघड केली. नुसत्या क्लिंकरच्या सिमेंटमध्ये दिवसांमागून दिवस चुना वाढत जातो. औष्णिक वीजकेंद्राची राख मिसळलेल्या सिमेंटमध्ये तो आधी वाढतो आणि मग घटू लागतो. कुणीतरी तो खात असतं. खाणारी असते राखेतली सिलिका. ती चुन्याशी आणि पाण्याशी जोडली जाऊन आणखी सी-एस-एच बनवते. सुरकीचीच ही चाल. पोर्टलँडाइटचा ताकदीला फारसा उपयोग नसतो आणि पाण्यात तो हळूहळू झिरपूनही जातो; त्याच्या जागी धरून ठेवणारा पदार्थ आला तर बारीक छिद्रं बुजतात आणि काँक्रीट पाण्याला, क्षारांना अधिक चिवटपणे अडवतं. समुद्राच्या जवळच्या शहराला याहून चांगलं काय हवं? सुरतेपासून फार लांब नाही अशा उकाईला औष्णिक वीजकेंद्र आहे. कोळशाची राख या भागाला नवी नाही.

ही दुसरी क्रिया उशिरा सुरू होते, कारण तिला आधी चुना तयार व्हावा लागतो. म्हणजे पहिल्या आठवड्यात राखेचं सिमेंट मागे राहतं आणि नंतर भरून काढतं. पण त्यासाठी तोवर आत ओल टिकलेली हवी.

स्लॅगची गोष्ट थोडी वेगळी. झोतभट्टीत लोखंड वितळताना वर तरंगणारा मळ पाण्याच्या फवाऱ्याने झटकन गार केला की त्याची काच बनते. ही काच दळून मिसळली तर सिमेंटमधला चुना तिला जागं करतो आणि ती स्वतःही पाण्याशी जोडली जाते. सावकाश गार केलेला तोच मळ दगडासारखा निष्क्रिय राहतो. पदार्थ एकच, गार होण्याचा वेग वेगळा, आणि त्यावर तो सिमेंट ठरतो की खडी.

हजिरात स्लॅग याच नावाची आणखी एक वस्तू आहे आणि लोक दोन्हींत गल्लत करतात. २०२२ साली हजिरात पोलादाच्या स्लॅगचा सहापदरी रस्ता झाला, सुमारे एक किलोमीटर लांबीचा. त्यात खडीच्या जागी जवळपास एक लाख टन प्रक्रिया केलेला स्लॅग वापरला. तंत्र दिल्लीच्या केंद्रीय रस्ता संशोधन संस्थेचं. तो पोलाद शुद्ध करताना निघालेला स्लॅग. त्यात मोकळा चुना राहू शकतो. ओल लागली की तो फुगतो. म्हणून त्याला आधी पाणी-हवा दाखवून मुरवावं लागतं, मगच तो रस्त्यात बसतो. स्लॅबच्या मालात कुणी असा कच्चा स्लॅग खडी म्हणून घालू नये.

चौकट: गोणीवर काय वाचावं

ओपीसी ५३: जवळजवळ सगळं क्लिंकर. मानक ठोकळ्याची २८ दिवसांची ताकद किमान ५३ मेगापास्कल. लवकर तापतं, लवकर पकडतं.

पीपीसी: १५ ते ३५ टक्के राख. २८ दिवसांची किमान अट ३३ मेगापास्कल. सावकाश पण दीर्घ वाढ. घराच्या कामाला उत्तम.

पीएससी: २५ ते ७० टक्के झोतभट्टीचा स्लॅग. खाऱ्या हवेत, जाड पायात उपयोगी.

दळल्याचा आठवडा आणि वर्ष: गोणीवर छापलेलं असतं. हवेतल्या दमटपणानेही सिमेंट मुरू लागतं. पावसाळ्यात तीन महिन्यांपेक्षा जुनी गोणी तपासल्याशिवाय घेऊ नये. बोटांनी न फुटणाऱ्या गुठळ्या असतील तर ते सिमेंट आधीच आपलं काम उरकून बसलं आहे.

पाणी किती दिवस मारायचं?

सिमेंटचा कण बाहेरून आत मुरतो. पहिल्या दिवसानंतर त्याच्याभोवती नव्या पदार्थाचं कवच जाड होत जातं आणि पाण्याला त्यातून आत शिरायला वेळ लागतो. क्रिया मंद होते पण थांबत नाही, छिद्रांत पाणी असेल तोवर. पॉवर्स यांनीच दाखवलं की आतली आर्द्रता सुमारे ८० टक्क्यांखाली गेली की सिमेंटचं मुरणं जवळजवळ थांबतं. सुरतेच्या एप्रिल-मेच्या दुपारी उघड्या स्लॅबचा वरचा थर ही पातळी फार लवकर गाठतो.

सुकतो तो नेमका वरचा थर, आणि सळईला सांभाळायचं काम त्याचंच असतं. ताज्या काँक्रीटमधलं पाणी इतकं अल्कधर्मी असतं, पीएच साडेबाराच्या वर, की लोखंडावर एक अतिसूक्ष्म संरक्षक पापुद्रा बसतो आणि गंज धरत नाही. वरचा थर अर्धाकच्चा राहिला तर समुद्रावरचे क्षार आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यातून झिरपत सळईपर्यंत जातात. ज्या वायूने चुन्याची भिंत घट्ट केली तोच इथे अल्कता मारतो आणि सळई उघडी पाडतो. मग ती गंजून फुगते, प्लास्टर सुटतं, स्लॅबचे पोपडे पडतात. लोक म्हणतात सिमेंट वाईट निघालं. बहुतेकदा ते उपाशी ठेवलेलं असतं.

आयएस ४५६ चं सांगणं स्पष्ट आहे. साध्या ओपीसीला किमान सात दिवस सतत ओल. राख किंवा स्लॅगच्या सिमेंटला किमान दहा. कोरड्या कडक हवामानात ओपीसीलाही दहा, आणि मिश्र सिमेंटला चौदा दिवसांची शिफारस. यातला ‘सतत’ हा शब्द सगळ्यांत जास्त मोडला जातो. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा नळी मारली आणि मधली दुपार स्लॅब पांढरा पडला, तर मधे मधे मुरणं थांबतंच. आळ्यांत साठवलेलं पाणी म्हणून चांगलं. घरगुती कामांत मिश्र सिमेंट सर्रास वापरलं जातं आणि पाणी मात्र जुन्या सवयीने चार-सहा दिवसांत बंद होतं, हे मला फार खटकतं. राखेला कामाला लागायची वेळ येते तेव्हा आपण तिचं पाणी तोडलेलं असतं.

स्लॅबवर निदान पाणी साठवता येतं. कॉलमचं काय? त्याच्या फळ्या बहुधा दुसऱ्याच दिवशी निघतात, चारही बाजूंनी वारा लागतो, पाणी मारलं तर घसरून खाली जातं. घराचं सगळं वजन ज्याच्यावर, तोच सर्वांत कोरडा राहतो. त्याला गोणपाट घट्ट गुंडाळून दोरीने बांधावं, गोणपाट दिवसभर भिजतं ठेवावं, जमल्यास वरून प्लास्टिकचा कागद लपेटावा. खर्च किरकोळ आहे. गोणपाटाला हात लावून पाहावं. तळवा ओला झाला नाही तर ते केवळ शोभेला बांधलंय.

आणि ठेकेदार तपासणीचा कागद दाखवेल तेव्हा एक गोष्ट विचारावी. मालाचे दीडशे मिलिमीटरचे ठोकळे भरतात, दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून पाण्याच्या टाकीत सत्तावीस अंशांच्या आसपास बुडवून ठेवतात आणि अठ्ठावीस दिवसांनी यंत्रात दाबून फोडतात. तो आकडा उत्तम आला तर माल चांगला कालवला होता एवढं नक्की. पण ते ठोकळे महिनाभर पाण्यात होते. कॉलम उन्हात होता. त्याला किती दिवस ओल मिळाली, हे त्या कागदावर कुठेही लिहिलेलं नसतं. ते विचारावं लागतं, किंवा स्वतः जाऊन रोज पाहावं लागतं.